आडनावाच्या रकान्यात शेख कुठे बसवायचा?

वऱ्हाडातल्या मुसलमानांची नावे लिहिण्याची एक रीत आहे. शेख रहीम शेख करीम. सय्यद नूर सय्यद मीर. खान असेल तर तो मागून येतो: अय्युब खान यासीन खान. मिर्झा पुढून लागतो, शाह मागून. बाईचे नाव रुखसाना बी शेख रहीम असे लिहिले जाते. ही नावे मी उदाहरणासाठी घेतली आहेत, पण दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट, कुठल्याही गावची मतदारयादी उघडा, रीत हीच दिसेल. आधी घराण्याची ओळख, मग माणूस, मग पुन्हा ओळख आणि शेवटी बाप. ऐकणाऱ्याला एका दमात सगळे कळते.

हेच नाव सेवा केंद्रावरच्या अर्जात भरायला घेतले की समोर तीन रकाने येतात: पहिले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव. तिन्हींवर लाल चांदणी, म्हणजे तिन्ही भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एक पोरगा 'रहीम', 'करीम', 'शेख' असे भरतो. दुसरा 'शेख', 'रहीम', 'शेख करीम' असे भरतो. तिसरा 'शेख रहीम', 'शेख करीम' एवढे भरून आडनावात एक टिंब टाकतो. माणूस एकच, पण संगणकाच्या वहीत तीन माणसे तयार होतात. पुढे कधी दोन वह्यांचा मेळ घालायची वेळ आली की या तिघांपैकी दोघे खोटे ठरतात.

आपल्याकडे याची तक्रार 'सर्व्हर घेत नाही' अशा शब्दांत होते. सर्व्हर स्वतःच्या मनाने काहीच ठरवत नसतो. आडनाव सक्तीचे आहे, नावात टिंब चालते की नाही, नाव किती अक्षरांचे असावे, हे कुणीतरी आधी लिहून ठेवलेले असते. ते जिथे लिहिले जाते त्या मजकुराविषयी मला बोलायचे आहे. त्याला एपीआयचे वर्णन म्हणतात. असली वर्णने लिहिणे आणि तपासणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. हा विषय संगणकवाल्यांपुरता मर्यादित आहे असे मला वाटत नाही.

एपीआय म्हणजे काय, हे आधी सांगतो. एका खात्याचा संगणक दुसऱ्या खात्याच्या संगणकाकडे माहिती मागतो, तेव्हा तो माणसासारखी वेबसाइट उघडून बसत नाही. त्याच्यासाठी वेगळी खिडकी असते. त्या खिडकीवर काय मागायचे, कुठल्या शब्दांत मागायचे आणि उत्तर कुठल्या आकारात मिळेल, हे ठरलेले असते. ती खिडकी म्हणजे एपीआय. आणि हे ठरलेले सगळे काही यंत्रालाही वाचता येईल अशा रीतीने एका फाइलीत मांडणे म्हणजे त्या एपीआयचे वर्णन.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. एकात जमीन कुणाच्या हक्काची, दुसऱ्यात पीक कोणते. महसुलाचे असे एकवीस गाव नमुने आहेत. प्रत्येकात कुठला रकाना, त्यात काय लिहायचे, क्षेत्र कुठल्या मापात मांडायचे, हे आधीच ठरलेले. म्हणून दर्यापूरचा सातबारा कोल्हापूरच्या वकिलाला वाचता येतो. एपीआयचे वर्णन हा असाच कोरा नमुना आहे. फरक इतकाच की तलाठी रकान्यात न बसणारी गोष्ट शेऱ्यात लिहू शकतो. यंत्राला शेरा ठाऊक नसतो. जे नमुन्यात बसत नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते.

या कामाचा इतिहास फार जुना नाही. मार्च २००१ मध्ये डब्ल्यूएसडीएल नावाची वर्णनभाषा वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेपुढे आली. ती जड होती, माणसाला वाचायला कठीण होती. २०१०-११ च्या सुमारास वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोश चालवणाऱ्या कंपनीत टोनी टॅम यांनी स्वॅगर सुरू केले. शब्दांचा अर्थ सांगणाऱ्यांच्या घरात एपीआयचा अर्थ सांगणारी भाषा जन्मली, हे मला नेहमी शोभून दिसते. २०१५ च्या अखेरीस ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेले आणि २०१६ मध्ये त्याचे नाव ओपनएपीआय झाले. तिसरी आवृत्ती २०१७ मध्ये आली, ३.१ ही २०२१ मध्ये. आज जगभर बहुतेक वर्णने याच साच्यात लिहिली जातात. आपल्या केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये खुल्या एपीआयचे धोरण जाहीर केले. एपीआय सेतू या सरकारी मंचावर अनेक खात्यांच्या सेवांची वर्णने ओपनएपीआयच्या साच्यात पाहायला मिळतात.

वर्णन लिहिताना काय काय ठरवावे लागते, हे ओळखीच्या उदाहरणावरून पाहू. केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर देशभरच्या बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयमधून मिळतात. त्यात राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, प्रत, आवकेची तारीख आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर असे रकाने असतात. दर क्विंटलमागे रुपयांत असतो. आपल्या तुरीचा, हरभऱ्याचा भाव मोबाइलवर दाखवणारे एखादे अॅप बनवायचे तर एवढे पुरेसे वाटते.

पण बारीक पाहिले की प्रश्न सुरू होतात. तारीख दिवस-महिना-वर्ष अशी, तिरप्या रेघांनी लिहिलेली येते. ओपनएपीआयच्या जगात तारीख म्हटली की वर्ष-महिना-दिवस असा क्रम गृहीत धरतात. वर्णनात हा फरक नोंदवला नाही तर ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे अॅप लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहील. तुरीचा एप्रिलचा भाव मार्चचा म्हणून दिसेल आणि माल ठेवावा की विकावा हे ठरवणारा शेतकरी फसेल. दर हा आकडा म्हणून पाठवायचा की अक्षरे म्हणून? त्या दिवशी आवकच नसेल तर शून्य लिहायचे की रकाना रिकामा ठेवायचा? शून्य रुपये भाव आणि भावच निघाला नाही, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जिल्ह्याचे नाव इंग्रजीत लिहिताना 'अमरावती'ची किमान तीन स्पेलिंगे चालतात. त्यातले एकच ग्राह्य धरले तर बाकी दोन लिहिणाऱ्यांना उत्तर मिळेल: माहिती उपलब्ध नाही. गावाचेही तेच. लोक दर्यापूर म्हणतात, जनगणनेच्या कागदावर दर्यापूर-बनोसा असते.

आता पडताळणीकडे येऊ. माझा मुख्य मुद्दा इथे आहे.

वर्णन तपासणारी साधने असतात आणि त्यांतली चांगली साधने फुकट मिळतात. त्यांची तपासणी तीन पायऱ्यांवर चालते. पहिली पायरी, फाइल मुळात वाचता येते का: कंस जुळतात का, ओळी नीट सरकवल्या आहेत का. दुसरी पायरी, ती ओपनएपीआयच्या नियमांत बसते का. उदाहरणार्थ, 'हा रकाना रिकामा चालेल' हे सांगण्याची पद्धत ३.० मध्ये एक होती, ३.१ मध्ये बदलली. जुन्या पद्धतीने नव्या आवृत्तीत लिहिले तर घोटाळा होतो. तिसरी पायरी, सर्व्हर प्रत्यक्षात जे उत्तर देतो ते वर्णनाशी जुळते का. पुष्कळ ठिकाणी वर्णन एक सांगते आणि सर्व्हर दुसरेच देतो. तीही तपासून काढणारी साधने आहेत.

या तिन्ही पायऱ्या पार झाल्या की पडद्यावर हिरवी खूण येते आणि सगळे समाधानाने घरी जातात. चौथी पायरी कुठल्याच साधनात नाही. वर्णन माणसांशी जुळते का? आडनाव सक्तीचे करणारे वर्णन व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते. 'नावात फक्त इंग्रजी ए ते झेड चालतील' हा नियमही निर्दोष असतो. साधन त्याला कधीच लाल खूण देणार नाही. मात्र त्या नियमाने 'मो.' लिहिणारा प्रत्येक मोहम्मद बाहेर जाईल, कारण टिंब ए ते झेडमध्ये येत नाही. देवनागरीत तर अक्षरे मोजण्याचाही घोळ आहे. 'श्री' आपल्याला एक अक्षर वाटते, यंत्र त्यात चार चिन्हे मोजते. नावाची कमाल लांबी इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून ठरवली आणि तीच देवनागरीला लावली, तर लांब नाव शेवटी कापले जाते.

आपल्या समाजापुढे हा प्रश्न तिहेरी आहे. उर्दू शाळेतल्या पोराचे नाव शाळेत उर्दूत लिहिले जाते, तलाठ्याकडे मराठीत आणि आधारवर इंग्रजीतही. एका नावाला तीन लिप्या आणि प्रत्येक लिपीत वळण वेगळे. मोहम्मद, महम्मद, मोहंमद, मो., एम. डी., सगळे एकच. त्यावर तीन रकान्यांची सक्ती आली की मेळ बसण्याची शक्यता आणखी घटते. पूर्वी याने फार बिघडत नव्हते. कोतवाल, पाटील, मास्तर माणूस ओळखत. आता वह्या एकमेकींशी थेट बोलतात. २०२५ पासून शेतकरी योजनांसाठी अॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक राज्यात सक्तीचा झाला आहे. त्यात आधारवरचे नाव आणि जमिनीच्या नोंदीतले नाव समोरासमोर येते. बापाच्या नावचे दोन एकर खारपाणपट्ट्यात, विम्याची रक्कम अडकलेली आणि नाव जुळत नाही. अशा माणसाला 'तांत्रिक अडचण आहे, नंतर या' एवढेच सांगितले जाते. याच २०२५ साली अमरावती-अकोला भागात उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांवरून केवढा गदारोळ उठला, हे आपण पाहिले. कागदावरच्या नावातला फरक हा आपल्या बाबतीत साधा फरक राहत नाही, त्याचा संशय होतो. म्हणून रकाना कोण ठरवतो, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

एका शिष्यवृत्तीच्या सेवेत मी याचा अनुभव घेतला. नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका संस्थेचा नाही. तिथल्या वर्णनात आडनाव सक्तीचे होते आणि किमान तीन अक्षरांची अट होती. नोंदी पाहिल्या तर आडनावाच्या रकान्यात कितीतरी मुलांनी स्वतःचेच नाव दुसऱ्यांदा लिहिले होते. काहींनी 'एनए' लिहिले, ते दोन अक्षरांमुळे नाकारले गेले, म्हणून त्यांनी 'एनएए' केले. यंत्र खूश झाले. पडताळणीच्या हिशोबाने ही माहिती शंभर टक्के शुद्ध होती. प्रत्यक्षात आडनाव नसलेल्या मुलांना खोटे लिहायला लावून ती शुद्धता मिळवली होती. पुढे बँकेतले नाव आणि अर्जातले नाव जुळेना, तेव्हा दोष मुलांच्या माथी आला.

यावर माझे सहकारी एक उत्तर देतात आणि ते टाकाऊ नाही. ते म्हणतात, नियम सैल केले तर कचरा जमा होईल. बनावट अर्ज येतील. यंत्राला शिस्त लागते.

शिस्तीला माझा विरोध नाही. उलट अनेक ठिकाणी ती कमी पडते. बँक खाते क्रमांक घ्या. त्याची सुरुवात शून्याने होऊ शकते. वर्णनात तो 'पूर्णांक' म्हणून लिहिला तर पुढची शून्ये गळून पडतात आणि पैसे परत जातात. तिथे कडकपणे 'अक्षरे' असेच लिहायला हवे. जमिनीचे क्षेत्र घ्या. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, माणसे एकरात बोलतात. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. वर्णनात माप लिहिले नाही तर दोन एकरवाला कागदावर पाच एकरवाला होतो आणि अत्यल्पभूधारकाची मर्यादाच ओलांडतो. अशा ठिकाणी शिस्त गरिबाचे रक्षण करते. प्रश्न शिस्त असावी की नसावी हा नाहीच. प्रश्न आहे, ती कशाबद्दल असावी. खाते क्रमांकाला आकार असतो, तो बँकेने ठरवलेला असतो. माणसाच्या नावाला असा आकार नसतो. ते त्याच्या आईबापांनी ठेवलेले असते.

नाव मोकळे ठेवूनही व्यवस्था चालते, याचा पुरावा आपल्या खिशात आहे. आधारमध्ये नाव एकाच सलग रकान्यात असते. पहिले, मधले, शेवटचे असे तुकडे नाहीत. अब्जाहून अधिक लोकांची नोंद त्या पद्धतीने झाली. याउलट पॅनच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि तो भरावाच लागतो. आधार आणि पॅन जोडताना नावे जुळली नाहीत म्हणून चकरा मारणाऱ्यांत सगळे मुसलमान नव्हते. आद्याक्षरे लिहिणारे दक्षिणेतले लोक होते, लग्नानंतर नाव बदललेल्या बायका होत्या. तीन रकान्यांचा साचा ज्यांच्यावरून बेतला, ते सोडून बाकी सगळ्यांना तो कुठे ना कुठे टोचतो.

आणि हा साचा काही निसर्गनियम नाही, हे आपल्याच राज्याने दाखवून दिले. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवले की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचेही नाव येईल: बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. निर्णय चांगला आहे. पण वर्णन लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहा. तीन रकान्यांचे चार झाले. जुन्या लोकांसाठी आईचा रकाना ऐच्छिक ठेवावा लागणार, नव्यांसाठी सक्तीचा. वर्णनाची नवी आवृत्ती काढावी लागणार आणि जुनी वापरणाऱ्यांना आधी कळवावे लागणार. म्हणजे सरकारने ठरवले की नावाचा नमुना बदलता येतो. बदलणाऱ्यांनी आईचा विचार केला, याचा आनंद आहे. त्याच बैठकीत कुणी 'ज्यांना आडनावच नाही त्यांचे काय?' असे विचारले असते तर चौथा रकाना ऐच्छिक ठेवणे एका शब्दाचे काम होते. यंत्राच्या फाइलीत सक्तीच्या रकान्यांची एक यादी असते. त्यातून एक शब्द काढायचा, बस.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक सेवेचे वर्णन लोकांना वाचायला खुले असावे. नियम गुप्त ठेवून नियमभंगाचा ठपका ठेवता येत नाही. दुसरे, वर्णनासोबत जी उदाहरणे दिली जातात आणि ज्या नावांवर चाचणी होते, त्यात आपल्या भागातली नावे असावीत. शेख रहीम शेख करीम, रुखसाना बी, एकच नाव असलेली म्हातारी, आद्याक्षरवाला रेल्वे कर्मचारी. यातले एक जरी नाव नाकारले गेले तरी वर्णन नापास समजावे, मग साधनाने कितीही हिरवी खूण देवो. तिसरे, अर्ज नाकारला तर कुठल्या रकान्यामुळे आणि कुठल्या नियमामुळे, हे मराठीत सांगावे. वर्णनात यासाठी जागा असते, ती रिकामी सोडतात. चौथे, नाव तुकड्यांत हवेच असेल तर आधी पूर्ण नाव जसेच्या तसे घ्यावे आणि तुकडे ऐच्छिक ठेवावेत.

उरलेली गोष्ट आपल्या पोरांना सांगायची आहे. संगणक शिकायचा म्हणजे पुण्याला जाऊन कोडिंग करायचे, एवढेच चित्र आपल्या घरांत असते. एपीआयचे वर्णन ही साधी मजकुराची फाइल असते. ती वाचायला महागडा संगणक लागत नाही. बीए झालेला, इंग्रजीचे चार शब्द कळणारा मुलगा दोन-तीन आठवड्यांत ती वाचायला शिकतो. सरकारी सेवांची जी वर्णने खुली आहेत ती उघडा. सक्तीचे रकाने कोणते, नावाला कुठली अट, ते बघा. आपल्या गल्लीतली दहा नावे घ्या आणि त्या अटीत बसवून पाहा. बसली नाहीत तर ओळ क्रमांकासकट लेखी तक्रार करा. 'सर्व्हर घेत नाही' या तक्रारीला उत्तर देणे कुणावर बंधनकारक वाटत नाही. 'अमुक रकान्यात अमुक अट आहे, त्यामुळे अमुक नाव नाकारले जाते' या तक्रारीपासून पळ काढणे कठीण असते.

आपल्या पूर्वजांनी दप्तर, अर्ज, रुजवात, जमाबंदी असे कितीतरी शब्द या मातीतल्या कारभाराला दिले. कारभाराची भाषा लिहिणारे हात आपल्यात होते. नवी दप्तरे आता फाइलींत लिहिली जात आहेत. ती लिहिणाऱ्यांच्या टेबलावर आपला कुणी नसेल तर आपले नाव दुसराच कुणी, त्याला जमेल तसे, तुकडे करून लिहील. मग ते दुरुस्त करायला आपण आयुष्यभर रांगेत उभे राहू.